जुन्या मोटारसायकलीचे निदान : इंजिन झिजले की कॉक गळतो?

ज्या व्यासपीठावर इतिहास, वाङ्मय आणि अर्थकारण ह्यांची चर्चा व्हावयाची, तेथे मोटारसायकलीच्या पेट्रोल कॉकची गोष्ट कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. आमचा खुलासा साधा आहे. आमच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. ह्या काळात आम्ही अनेक कामगारांच्या घरखर्चाच्या वह्या पाहिल्या. औषधपाणी आणि लग्नकार्य ह्यांच्या खालोखाल कर्जाचे जे कारण वारंवार आढळते ते म्हणजे ‘गाडीचे काम’. औद्योगिक वसाहत गावापासून दूर, पहिल्या पाळीला बस नाही, तेव्हा जुनी मोटारसायकल ही चैन नसून कामगाराचे अवजार आहे. ते अवजार आठ दिवस गॅरेजात पडले म्हणजे आठ दिवसांचे खाडे पडतात. आणि गाडीचे काम निघाले त्यापैकी कितीतरी वेळा ते निघावयास नको होते, असे आमच्या अनुभवास आले आहे.

आम्ही इंजिनियर नाही. शाळा दहावीतच सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फिटिंग खात्यात आणि वाचनालयातल्या इंग्रजी पुस्तकांवर, शब्दकोश शेजारी ठेवून झाले. त्यामुळे जे आम्ही हाताने केले आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच येथे सांगणार आहोत. उदाहरणादाखल जुनी बुलेट घेऊ. १९५५ साली मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि पुढे तेथे ह्या गाड्या होऊ लागल्या. ओतीव लोखंडी सिलिंडरचे तिचे जुने इंजिन २०१० च्या सुमारास बंद झाले. तशा कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत. जावा, येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० वापरणाऱ्यांनाही ह्यातील बराचसा भाग लागू पडेल. जेथे भेद आहे तेथे तो सांगू. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर बहुतेक गेला. त्या गाड्यांचे निदान हा वेगळा विषय आहे.

एक महाग चूक

प्रथम आमचीच फजिती सांगतो. १९८६ सालची एक बुलेट आम्ही १९९९ साली जुनी घेतली. संघटनेच्या कामासाठी गेटसभांना जावयाचे, तर वाहन हवेच होते. २००३ च्या पावसाळ्यानंतर तिने त्रास द्यावयास सुरुवात केली. सकाळी किक मारावी तर पाय मऊ लोण्यात गेल्यासारखा खाली जाई. दहा-बारा किका झाल्यावर ती सुरू होई ती काळा धूर ओकत. प्लग काढावा तर काळाकुट्ट आणि ओला. एका मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी किक दाबून पाहिली, धूर पाहिला, प्लग पाहिला आणि सांगितले, ‘‘कॉम्प्रेशन गेलंय. बोर करावा लागेल, पिस्टन-रिंगा टाकाव्या लागतील.’’ आम्ही पतपेढीतून कर्ज काढले. इंजिन खोलले गेले, सिलिंडर २० थाउ मोठा केला, नवा पिस्टन बसला, कार्ब्युरेटर धुऊन आला. तीन-चार महिने गाडी उत्तम चालली. आणि मग पुन्हा तीच सकाळ, तीच मऊ किक, तोच काळा धूर.

आमच्या खात्यातून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध फिटर होते. त्यांना सारे अण्णा म्हणत. त्यांनी किकला हातही लावला नाही. तेलाच्या बुचाला लावलेली कांडी बाहेर काढली, नाकाशी नेली आणि विचारले, ‘‘रात्री कॉक बंद करतोस का?’’

‘‘करतो की, अण्णा. रोज न चुकता.’’

‘‘तू करतोस रे. पण तो होतो का?’’

त्यांनी कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून एका कोरड्या बाटलीत धरली. कॉक बंद असतानाही बाटलीत थेंब पडू लागले. नंतर त्यांनी कार्ब्युरेटरखालची जादा पेट्रोल बाहेर टाकणारी बारीक नळी पाहिली, तर कुंभारमाशीने तिच्या तोंडाशी मातीचे घर बांधून ती बंद करून टाकली होती. म्हणजे रात्रभर कॉकमधून पेट्रोल झिरपत होते. कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकल्याने तीही ते अडवीत नव्हती. बाहेर पडण्याची वाट मातीने बुजली होती. मग ते इंजिनात जात होते. कॉकच्या आतला रबरी वॉशर बदलला, नळी साफ केली, सुई पुसली, तेल बदलले आणि गाडी बरी झाली. वॉशरची किंमत एका वेळच्या नाश्त्याइतकी होती. पतपेढीचे हप्ते मात्र आम्ही पुढे दीड वर्ष फेडीत होतो.

त्या दिवसापासून ‘आधी कॉक, मग इंजिन’ हे सूत्र आम्ही मनाशी बांधले. त्यामागचे कारण समजण्यासाठी इंजिन झिजते म्हणजे काय, आणि कॉकचे काम काय, हे दोन्ही पाहिले पाहिजे.

इंजिन कोठे आणि का झिजते

जुन्या बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा, आणि त्यात पिस्टनचा प्रवास ९० मिलिमीटरचा. ह्यावरून इंजिनाचे माप ३४६ सीसी येते. ताशी ६० किलोमीटर वेगात हा पिस्टन मिनिटाला अडीच-तीन हजार वेळा खालीवर होतो. पिस्टन आणि सिलिंडर ह्यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो थर जोवर आहे तोवर लोखंड लोखंडाला जवळजवळ शिवतच नाही. तो तुटला की झीज सुरू होते.

ही झीज सर्वत्र सारखी नसते. सर्वांत वरची रिंग जेथपर्यंत पोचते, तेथे उष्णता व दाब सर्वाधिक आणि तेल सर्वांत कमी. म्हणून सिलिंडर वरच्या बाजूस अधिक झिजतो. शिवाय कनेक्टिंग रॉडच्या तिरक्या रेट्यामुळे पिस्टन पुढच्या आणि मागच्या भिंतीवर अधिक दाबला जातो; त्यामुळे भोक गोल न राहता किंचित लंबगोल होते. रिंगा झिजतात, झडपांच्या बैठकींवर काजळी बसून त्या नीट मिटत नाहीत, झडपांचे गाइड ढिले होतात, आणि खाली बिगएंडचे बेअरिंग सैल होते.

अशी झीज खरोखरच झाली तर बोर करण्यावाचून गत्यंतर नसते. परंतु बोर करणे म्हणजे सिलिंडरची आतली भिंत कापून भोक मोठे करणे होय. प्रथम २० थाउ, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, मग ४०, मग ६०. त्यानंतर नवी स्लीव्ह बसवावी लागते किंवा सिलिंडरच बदलावा लागतो. एकदा कापलेले लोखंड पुन्हा चढत नाही. चुकीच्या निदानाने केलेला बोर हा केवळ पैशाचा अपव्यय नव्हे. त्यामुळे सिलिंडरच्या मोजक्या आयुष्यांपैकी एक आयुष्य विनाकारण खर्ची पडते.

कॉक म्हणजे काय

टाकीच्या पोटाला बसवलेली लहानशी तोटी म्हणजे कॉक. जुन्या गाड्यांत पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते; पंप नसतो. कॉकला तीन अवस्था : चालू, बंद आणि रिझर्व्ह. कॉकचा वरचा भाग टाकीत शिरलेला असतो व त्याला दोन तोंडे असतात. एक उंच नळीच्या टोकाशी. ते ‘चालू’ अवस्थेचे. दुसरे तळाशी, ते रिझर्व्हचे. पेट्रोल उंच नळीच्या खाली गेले की गाडी अडखळते, आपण दांडी रिझर्व्हवर फिरवतो आणि तळाचे पेट्रोल मिळू लागते. तोंडांवर बारीक जाळी असते. दांडीमागे, जुन्या धाटणीच्या कॉकमध्ये बुचाच्या लाकडाचा, तर नंतरच्यांत भोके असलेला रबरी वॉशर असतो. बंद करण्याचे सारे काम ह्या वॉशरवर अवलंबून असते.

कॉकचे रोग दोनच : देऊ नये तेव्हा देणे आणि द्यावे तेवढे न देणे. दोन्ही रोग इंजिनाच्या म्हातारपणाचे सोंग हुबेहूब घेतात.

गळका कॉक काय करतो ते आमच्या गोष्टीत आलेच आहे. त्याची साखळी नीट ध्यानात घ्यावी. कॉक हा पहिला पहारेकरी, फ्लोटची सुई हा दुसरा. एकच झोपला तर चोरी होत नाही. दोघेही झोपले म्हणजे पेट्रोल वाहू लागते. पुष्कळदा ते जमिनीवर ठिबकते, वास येतो आणि आपण सावध होतो. पण बाहेरची वाट बुजली असेल, किंवा गाडी बाजूच्या स्टँडवर कलती उभी असेल, तर ते इंजिनात उतरू शकते. तेथे ते सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. रिंग आणि भिंत ह्यांमधली फट बुजवण्याचे काम तेलच करीत असते. ते धुतले गेले की किक मऊ लागते आणि बोर गेल्याचा भास होतो. आमच्या मिस्त्रींनी जे पाहिले ते खोटे नव्हते. किक खरोखरच मऊ होती. चूक झाली ती त्यावरून अनुमान काढण्यात.

पण गोष्ट भासावरच थांबत नाही. उरलेले पेट्रोल रिंगांवाटे खाली झिरपून इंजिन तेलात मिसळते. तेल पातळ होते, आणि पातळ तेलावर बिगएंडपासून सिलिंडरपर्यंत सारेच घासू लागते. म्हणजे खोटे दुखणे दुर्लक्षिले तर काही महिन्यांत ते खरे होते.

दुसरा रोग उपासमारीचा. टाकीतला गंज जाळीवर बसतो, नळी मुडपते, वॉशर फिरून त्याचे भोक अर्धे झाकले जाते, किंवा टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र बुजते. हवा आत आली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. अशी गाडी गावात बरी चालते आणि कसारा घाटात चढावर दम टाकते. लोक म्हणतात, ‘इंजिनात दम राहिला नाही.’ खरे कारण असे असते की, चढावर इंजिन जेवढे पेट्रोल मागते तेवढे कॉक देत नाही आणि कार्ब्युरेटरची वाटी हळूहळू रिकामी होते. दोन-तीन मिनिटे थांबले की वाटी भरते आणि गाडी पुन्हा थोडे अंतर नीट धावते. झिजलेले इंजिन दोन मिनिटांच्या विश्रांतीने तरुण होत नाही, हा मोठा भेद आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी : तापल्यावर बिघडणारी इग्निशन कॉइल किंवा तापून आवळणारा पिस्टनही थंड झाल्यावर पूर्ववत होतो. तेव्हा गाडी अडताच प्रथम टाकीचे झाकण उघडावे. ‘फुस्’ असा आवाज होऊन गाडी लगेच चालू लागली, तर दोष झाकणाच्या छिद्राचा.

कॉकची परीक्षा

ही परीक्षा घरी करता येते. उघड्या जागेत, थंड इंजिनावर, चावी बंद करून ती करावी. जवळ विडी-काडी, चूल, दिवा काही नसावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. नळी तोंडाने कधीही ओढू नये.

कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून मापाच्या खुणा असलेल्या बाटलीत धरावी आणि कॉक एक मिनिट उघडावा. किती पेट्रोल यावे? हिशोब सोपा आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जाते आणि लिटरला ३० किलोमीटर देते असे धरले, तर तासाला २ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर पेट्रोल लागते. घाटात ह्याच्या दुप्पट लागेल असे धरू. तेव्हा मिनिटात १०० मिलिलिटरही पडत नसेल तर कॉक संशयित समजावा. मग झाकण उघडून तीच परीक्षा पुन्हा करावी. धार वाढली तर हवेचे छिद्र साफ करावे. वाढली नाही तर दांडी रिझर्व्हवर करून पाहावे. भरल्या टाकीवर रिझर्व्हला धार चांगली आणि चालूला बारीक असेल, तर उंच नळीचे तोंड चोंदले आहे. उलट असेल तर तळाशी गाळ आहे. आणखी एक खूण : गाडी रिझर्व्हची सूचना न देता एकदमच रिकामी होत असेल, तर उंच नळी मुळाशी तुटली किंवा चिरली असण्याचा संभव आहे.

मग कॉक बंद करून बाटली तशीच दहा मिनिटे ठेवावी. एकही थेंब पडता कामा नये. दर दहा सेकंदांस एक थेंब ही गळती डोळ्यांना क्षुल्लक वाटते. पण चोवीस तासांत असे ८,६४० थेंब होतात. पन्नास थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर हे सुमारे १७० मिलिलिटर पेट्रोल झाले.

काही स्कूटरांना आणि जपानी धाटणीच्या काही मोटारसायकलींना इंजिनाच्या ओढीवर आपोआप उघडणारा कॉक असतो. त्यात रबरी पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल ओढीच्या नळीवाटे सरळ इंजिनात शिरते. अशा गाडीची ती ओढीची बारीक नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोल दिसले तर पडदा गेला.

चार साक्षीदार

कॉक निर्दोष ठरल्यावर इंजिनाची चौकशी करावी. त्याचे चार साक्षीदार आहेत : धूर, आवाज, किक आणि तेल. ह्यांपैकी एकट्याच्या साक्षीवर शिक्षा सुनावू नये.

धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जळते आहे. हा रोग पेट्रोलचा, इंजिनाच्या झिजेचा नव्हे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. तो चढावर, जोर लावताना सतत येत असेल तर रिंगा व बोर ह्यांवर संशय घ्यावा. उतारावर थ्रॉटल मिटून पुन्हा उघडताच भपकारा येत असेल तर झडपांचे गाइड पाहावे. आठवडाभर उभी राहिलेली बुलेट सुरू होताना निळा धूर सोडते आणि काही मिनिटांत तो थांबतो. तेव्हा बहुधा उभ्या उभ्या तेल क्रँकच्या कप्प्यात उतरलेले असते. तेवढ्यावरून बोर करू नये. थंडीच्या सकाळी दिसणारा पांढरा धूर ही पाण्याची वाफ होय. दोन स्ट्रोकच्या गाडीत तेल पेट्रोलबरोबरच जळते, म्हणून थोडा निळा धूर स्वाभाविक आहे. पण तो फार वाढला आणि गिअरपेटीतले तेल कमी होऊ लागले, तर क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले असे समजावे.

आवाजांत हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची असते. थंड इंजिनात पोकळ ठोका येतो आणि तापल्यावर कमी होतो, तो सैल पिस्टनचा. खोल, जड ठोका, जो जोर लावताना वा सोडताना वाढतो, तो बिगएंडचा असण्याची शक्यता मोठी. तो ऐकू आला तर गाडी चालवणे तेथेच थांबवावे.

किकच्या साक्षीसाठी दाब लागेपर्यंत किक खाली आणून तिच्यावर शरीराचा भार द्यावा. निरोगी इंजिन हा भार थोडा वेळ तोलते आणि मग हळूच सोडते. किक सरळ खाली गेली तरी घाई करू नये. जुन्या बुलेटला डिकॉम्प्रेसर असतो. त्याची केबल ताठ राहिली तर ती झडप किंचित उघडी राहून सारा दाब पळून जातो. तसेच टॅपेट आवळले गेले असतील तर झडपा पूर्ण मिटत नाहीत. थंड इंजिनात, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण खालीवर खुळखुळता कामा नये. ह्या दोन गोष्टी विनामोल आहेत. त्या आधी पाहाव्यात.

उलट, किक एकाएकी दगडासारखी घट्ट लागली तर तिच्यावर उडी मारू नये. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचले असण्याचा संभव असतो. द्रव दाबला जात नाही. जोर केल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. चावी बंद ठेवून प्लग काढावा, तोंड दूर ठेवावे आणि मग हळूच किक फिरवावी.

चौथा साक्षीदार तेल. अण्णांनी त्यालाच प्रथम विचारले. तेल कमी होत असेल तर ते जळते आहे किंवा गळते आहे. पण न घालता तेलाची पातळी वाढत असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर कॉक आणि सुई ह्यांच्याकडे वळावे. असे तेल आधी बदलावे, पेट्रोलची गळती बंद करावी, गाडी थोडी चालवावी आणि मगच कॉम्प्रेशन तपासावे. धुतलेल्या सिलिंडरची साक्ष ग्राह्य धरू नये.

मोजल्यावाचून कापू नये

एवढे करूनही किक मऊच असेल तर कॉम्प्रेशन गेज लावावा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आठ-दहा किका माराव्यात आणि आकडा लिहून ठेवावा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वर चढला तर तेलाने रिंगांची फट बुजली, म्हणजे दोष रिंगा-बोरचा. फारसा चढला नाही तर झडपा किंवा हेडचे गॅस्केट. ज्या गॅरेजात हवेचा कॉम्प्रेसर आहे तेथे ह्याहून नेमकी परीक्षा होते. पिस्टन वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, गाडी गिअरमध्ये अडकवून प्लगच्या भोकातून हवा सोडावी आणि कान द्यावा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट झडप, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट झडप, क्रँककेसच्या श्वासनळीतून आली तर रिंगा.

सिलिंडर खोललाच, तर नखाने चाचपून निर्णय देऊ नये. एकच रिंग घेऊन ती प्रथम सिलिंडरच्या न झिजलेल्या तळाशी सरळ बसवावी आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजावी. मग तीच रिंग वर, सर्वाधिक झिजेच्या जागी बसवून मोजावे. दोन्ही फटींतला फरक ३.१४ ने भागला की व्यासातली झीज मिळते. तळाशी ०.३० आणि वर ०.६० मिलिमीटर फट असेल, तर फरक ०.३०, आणि झीज सुमारे ०.१ मिलिमीटर. इतकी झीज असेल तर नुसत्या रिंगांनी टिकाऊ गुण येत नाही, बोर करावा. झीज ह्याच्या पाव हिश्शाइतकीच असेल तर मालकाने विचारावे, ‘‘मिस्त्री, मग बोर कशासाठी?’’ शाळेत शिकलेला हा वर्तुळाचा नियम आयुष्यात पुन्हा उपयोगी पडेल असे आम्हाला कधी वाटले नव्हते.

आजचे पेट्रोल

अलीकडे ह्या विषयाला नवे निकडीचे कारण मिळाले आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. जुन्या गाड्यांचे रबर ह्या मिश्रणासाठी केलेले नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुने रबर त्याच्या सहवासात फुगते किंवा कडक होते. तेव्हा कॉकचा वॉशर, पेट्रोलची नळी आणि फ्लोटच्या सुईचे टोक दर पावसाळ्यापूर्वी पाहावेत, आणि बदलताना इथेनॉल सहन करणारे रबर मागून घ्यावे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी.

निदानाची मजुरी

शेवटी ज्या मिस्त्रींनी आमचा बोर केला त्यांच्याविषयी. पुष्कळ दिवस आम्ही त्यांना लबाड समजत होतो. पुढे विचार केला तेव्हा दिसले की, दोष आमच्याकडेही होता. गाडी सोडताना आम्ही म्हणालो होतो, ‘‘संध्याकाळपर्यंत सांगा किती होतील.’’ त्यांनी बाटली धरून दहा मिनिटे थेंब मोजले असते, तेल बदलून दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉम्प्रेशन पाहिले असते, आणि शेवटी म्हणाले असते, ‘‘वॉशर बदलला, झालं,’’ तर आम्ही त्यांच्या हातावर वॉशरचे पैसे आणि फार तर एक चहा ठेवला असता. त्यांचा अर्धा दिवस फुकट गेला असता. सुटे भाग बदलण्याची मजुरी आपण देतो, डोके चालवण्याची देत नाही. मग मिस्त्री भाग बदलतो. कारखान्यात जे काम मोजले जात नाही ते करण्यास कोणी धजत नाही, हे आम्ही व्यवस्थापनाला वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतः मालक होताच मात्र तेच विसरलो.

म्हणून आमच्या संघटनेने कचेरीजवळच्या दोन मिस्त्रींशी एक साधा ठराव केला. सभासदाने गाडी आणली की प्रथम तपासणीची ठरावीक मजुरी द्यावयाची, मग काम निघो अथवा न निघो. मिस्त्रींनी कॉकची धार, गळती, तेलाचा वास, टॅपेट, डिकॉम्प्रेसर आणि दोन्ही वेळचे कॉम्प्रेशन एका कागदावर लिहून द्यावयाचे. हेड खोलण्यापूर्वी तो कागद मालकाने वाचावयाचा. सुरुवातीला सभासद कुरकुरले, ‘‘नुसतं बघायचे पैसे?’’ आता कुरकुर नाही, कारण पुष्कळांचे काम त्या कागदावरच संपते. आणि मिस्त्रीही खूश आहेत. त्यांच्या नजरेला आणि कानाला प्रथमच मोल आले.

श्रोत्यांनी एवढेच करावे. आज घरी गेल्यावर गाडीचा कॉक बंद करावा, आणि उद्या सकाळी, उजेडात, तो खरोखर बंद होतो का ते नळी सोडवून पाहावे. दहा मिनिटांचे काम आहे. अण्णा आता हयात नाहीत. पण त्यांचा तो प्रश्न आम्ही अजून रोज रात्री गाडी लावताना स्वतःला विचारतो.